विश्लेषण : ऐकू कमी येऊ लागलं की दिवस फिका का वाटतो? डोळे, नाक आणि त्वचा काय भरून काढू शकतात?

"आई, किती शिट्ट्या झाल्या?" बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही वन बीएचकेमध्ये रोज सकाळी विचारला जाणारा प्रश्न. एके दिवशी आईचं उत्तर येतं, "शिट्टी झाली का? मला नाही बाई ऐकू आली." पहिल्या दिवशी घरातले हसतात. महिन्याभरानं टीव्हीच्या आवाजावरून कुरबुर सुरू होते. वर्षभरानं फोन वाजला की "तूच बोल" म्हणून तो दुसऱ्याच्या हातात दिला जातो. मग कधीतरी 'पाय दुखतात' असं सांगून सोसायटीच्या हळदीकुंकवाला जाणं थांबतं. पाय दुखत नसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचारांची किंवा पुनर्वसनाची गरज आहे इतका श्रवणदोष आहे. २०५० पर्यंत हा आकडा ७० कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. पण कुकरची शिट्टी न ऐकू येणारी आई बहुतेक वेळा या नोंदीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर 'ऐकू कमी येणारी' आणि ७० डेसिबल किंवा जास्त असेल तर 'कर्णबधिर' अशी व्याख्या आहे. ज्याचा ऱ्हास ४५ डेसिबल आहे, तो कायद्याच्या लेखी ठणठणीत. घरातल्या गप्पांमधलं मात्र निम्मं त्याच्या हातून निसटतं.

हा लेख या मधल्या माणसांबद्दल आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्यांची स्वतःची भाषा असते, समाज असतो, आणि आपलं काही हरवलंय असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटतही नाही. पन्नाशी-साठीत आवाज हळूहळू विझत गेलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना आधी काय होतं ते आठवतं.

'ऐकू येतं, पण कळत नाही' म्हणजे काय?

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं हे त्यांचं काम. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर पकडतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. वयानुसार आणि गोंगाटामुळे आधी तोंडाजवळच्या पेशी झिजतात. म्हणून पहिल्यांदा हरवतात ते उंच स्वर : शिट्टी, पक्ष्यांची किलबिल, मोबाइलची बारीक टिणटिण, नातवंडांचे आवाज.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर कानाचा 'लो-पास फिल्टर' होतो. खालचे स्वर जातात, वरचे अडतात. भाषेतले स्वर म्हणजे आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात ताकद जास्त असते. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. त्यामुळे कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. 'सात' ऐकलं की 'आठ', की 'साठ', हे संदर्भावरून ओळखावं लागतं. भाजीवाल्यानं सांगितलेला भाव चुकतो, तो यामुळेच. "हवं तेवढं ऐकू येतं यांना," हा घरातला लाडका टोमणाही इथूनच येतो. समोर बसलेल्या एकाच माणसाचं शांत खोलीतलं बोलणं कळतं आणि पंखा, मिक्सर, टीव्ही चालू असताना पाठीमागून आलेलं वाक्य कळत नाही. यात नाटक काही नाही.

ओरडूनही उपयोग होत नाही. ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजनं तिथंच राहतात. शिवाय झिजलेल्या कानाची सहनशक्तीही कमी झालेली असते, त्यामुळे 'ऐकू येत नाही' आणि 'कानठळ्या बसल्या' यांच्यातलं अंतर फार थोडं उरतं. "जरा मोठ्यानं बोल" आणि "ओरडतोस कशाला?" ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात ऐकलेल्या मुलांना आता त्याचं कारण कळेल.

मग दिवस फिका का होतो?

याचं सर्वांत नेमकं उत्तर जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ऐकण्याची शक्ती गमावलेल्या सैनिकांबरोबर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड रॅम्सडेल यांनी १९४७ मध्ये ऐकण्याचे तीन स्तर मांडले. पहिला भाषेचा. दुसरा इशाऱ्याचा, म्हणजे हॉर्न, बेल, हाक. तिसरा स्तर सगळ्यात तळाचा. त्याच्याकडे आपलं लक्षच नसतं : पंख्याची घरघर, बाजूच्या घरातली भांडी, दूरवरून जाणारी लोकल, स्वतःच्याच चपलांचा आवाज. हा तळाचा आवाज 'आजूबाजूला जग चालू आहे आणि मी त्यात आहे' एवढंच सांगत असतो. तो गेला की माणसाला उदास, कोरडं वाटतं आणि त्याचं कारण सापडत नाही, असं रॅम्सडेल यांचं म्हणणं होतं.

मुंबईच्या उपनगरात हा तळ किती भरगच्च असतो, ते इथल्या कुणालाही ठाऊक आहे. पहाटे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा, दारात पडणारा पेपर, पाण्याची मोटर, लिफ्टचं दार उघडं राहिल्याची कटकट, कबुतरांची फडफड. यातल्या निम्म्या आवाजांना आपण रोज शिव्या घालतो. ते थांबल्यावर मात्र सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

त्यात भर थकव्याची. ज्याला अर्धंच ऐकू येतं, त्याचा मेंदू उरलेलं अर्धं सतत अंदाजानं भरत असतो. लग्नाच्या हॉलमध्ये दोन तास बसणं म्हणजे त्याच्यासाठी दोन तास शब्दकोडं सोडवणं. म्हणून माणूस आधी समारंभ टाळतो, मग फोन, मग गप्पा. 'लॅन्सेट'च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यात श्रवणदोष सर्वांत वजनदार कारणांपैकी एक आहे. याचा अर्थ ऐकू कमी येणाऱ्या प्रत्येकाची स्मृती जाते, असा नाही. मशीन लावलं की धोका टळतो, असाही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर तीन वर्षांत श्रवणयंत्रांमुळे ठळक फरक दिसला नाही. मात्र ज्यांचा धोका आधीच जास्त होता, त्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

एक इंद्रिय गेलं की बाकीची तल्लख होतात, हे खरं का?

अर्धं. जन्मतः किंवा लहानपणापासून कर्णबधिर असलेल्यांच्या मेंदूत खरोखर फेररचना होते. नजरेच्या कडेला होणारी हालचाल त्यांना चटकन टिपता येते. ऐकण्यासाठी असलेला मेंदूचा भाग स्पर्शातून आलेल्या कंपनांना प्रतिसाद देतो, असं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डीन शिबाता यांनी २००१ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं. साठीत ऐकू कमी येऊ लागलेल्यांना असं वरदान आपोआप मिळत नाही. त्यांचं नाक अचानक श्वानासारखं होत नाही. बदलू शकतं ते लक्ष. जे डोळ्यांना आणि हातांना आधीही कळत होतं, पण कानांनी आधी सांगून टाकल्यामुळे ज्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्याकडे पाहायची सवय लावता येते. आणि ती लावण्यासाठी घरातलं सर्वांत चांगलं ठिकाण म्हणजे ओटा.

फोडणी डोळ्यांनी आणि नाकानं

मराठी घरात स्वयंपाक बराचसा कानांनी होतो. मोहरी तडतडली की जिरं, 'चर्र' झालं की भाजी, तीन शिट्ट्या झाल्या की डाळ. हे तीनही इशारे उंच पट्टीतले, म्हणजे सगळ्यात आधी हरवणारे. मग फोडणी करपते आणि "आता तुमच्याच्यानं होत नाही, तुम्ही बसा" असं सांगून आजींना ओट्यापासून उठवलं जातं. ज्या बाईनं चाळीस वर्षं घर जेवू घातलं, तिच्या दिवसाचा कणाच यात निघून जातो. म्हणून कुकर हा वाटतो तेवढा किरकोळ विषय नाही.

तेल तापलं की त्याच्या पृष्ठभागावर बारीक लहरी दिसतात. एक दाणा टाकून पाहिला की तो लगेच बुडबुड्यांच्या कड्यात नाचू लागतो. मोहरी तडतडताना काळी-तपकिरी असलेली करडी पडते आणि उड्या मारते. अर्धवट झाकण हातात धरलं, तर त्यावर आदळणारे दाणे बोटांना कळतात. हिंगाचा उग्र वास मवाळ झाला की तो फुलला. जिऱ्याचा वास कच्चा आणि भाजका यांत इतका फरक असतो, की डोळे मिटूनही सांगता यावं. कढीपत्ता पडला की वाफेबरोबर येणारा वास हीच त्याची 'चर्र'. कांदा पारदर्शक, मग कडेनं सोनेरी. रवा भाजून झाल्याचं कुणाला ऐकू आलंय? तो वासावरच कळतो आणि हाताखाली हलका लागतो. थालीपिठाच्या भोकातलं तेल बुडबुडायचं थांबलं की उलटायची वेळ झाली. पाहिलं तर चांगल्या सुगरणीला हे सगळं आधीपासून येतच असतं.

कुकरला मात्र डोळे पुरत नाहीत, कारण नजर सतत तिथं ठेवता येत नाही. तिथं घड्याळ उपयोगी पडतं. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पूर्ण दाब धरल्यावर आच कमी करून मिनिटं मोजणं मुळातच जास्त भरवशाचं, कारण शिट्टीचा वेग आचेवर आणि पाण्यावर अवलंबून असतो. मोबाइलचा टायमर थरथराटावर ठेवून गाऊनच्या खिशात टाकला की काम होतं. इंडक्शन शेगडीला टायमर असतोच, आणि वेळ संपल्यावर ती स्वतःच बंद होते. शिट्टी मारणारा दुधाचा कुकर वर ठेवून द्यावा आणि साध्या पातेल्यासमोर उभं राहावं.

सुरक्षेचा एक मुद्दा मात्र गांभीर्यानं घ्यायचा. गॅस गळतीचा 'स्स' आवाज ऐकू येणार नाही. वास येईल, कारण स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो आणि गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचा मरकॅप्टन मिसळलेला असतो. पण वयाबरोबर अनेकांचं नाकही मंद होतं, आणि करोनानंतर काहींची वासाची शक्ती पूर्ववत झालेली नाही. कान कमी झालेत हे कळल्यावर नाकाचीही परीक्षा घरच्या घरी घ्यावी : डोळे मिटून कॉफी, हिंग, लवंग ओळखता येते का? येत नसेल, तर झगमगणाऱ्या दिव्याचा गॅस अलार्म बसवणं आणि रात्री रेग्युलेटर बंद करणं याला पर्याय नाही.

लोकलमध्ये काय करायचं?

मुंबईत ऐकू न येण्याची खरी परीक्षा फलाटावर होते. गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर येते, फास्टची स्लो होते आणि हे सांगणारा भोंगा धडधाकट कानांनाही धड कळत नाही. अशा वेळी अनुभवी माणसं गर्दी वाचतात. एकाच वेळी शंभर माना जिन्याकडे वळल्या, की काहीतरी घोषणा झाली असं समजायचं. इंडिकेटर दिसेल अशी उभं राहायची जागा ठरवायची. डब्यातल्या डिजिटल पट्टीकडे तोंड करून बसायचं. फोनमध्ये ठिकाणावर आधारित अलार्म लावला, तर स्टेशन जवळ आलं की खिशात थरथर होते.

'मिरॅकल कुरियर्स' या मुंबईतल्या कंपनीचा उगम अशाच एका प्रवासात आहे. संस्थापक ध्रुव लाक्रा बसमध्ये बसले होते. शेजारचा मुलगा अस्वस्थपणे सारखा बाहेर पाहत होता. लाक्रा यांनी विचारलं तेव्हा कळलं की त्याला ऐकू येत नाही, आणि कंडक्टर स्टॉपचं नाव पुकारतो ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या या कुरियर सेवेनं कर्णबधिर तरुणांना डिलिव्हरीसाठी घेतलं. कारण पत्ता शोधण्यासाठी लागतात ते नकाशा वाचणारे डोळे, खुणा लक्षात ठेवणारं डोकं आणि एसएमएस. कान लागत नाहीत.

उपनगरांत खुणांची कमतरता कधीच नव्हती. विलेपार्ल्याला गाडी पोहोचली हे अनेक पिढ्यांना घोषणेआधी बिस्किटांच्या वासानं कळायचं. पार्लेचा १९२९ मधला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि पश्चिम रेल्वेवरची ती सर्वांत गोड उद्घोषणा थांबली. पण घाटकोपरला वल्लभबाग लेनमधल्या खाऊगल्लीचं लोणी आणि पावभाजीचा तवा, वर्सोव्याला वाळत घातलेल्या मासळीचा दर्प, कुठल्याही स्टेशनबाहेर संध्याकाळी मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या टोपल्या, हे सगळं अजून आहे. रोजच्या रस्त्याचा असा वासाचा नकाशा मनात तयार केला, की चालणं पुन्हा भरलेलं वाटू लागतं. वेळ सकाळची असेल तर फारच.

मेट्रो या बाबतीत लोकलपेक्षा सोपी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावर १२ स्थानकं आहेत आणि डब्यात पुढच्या स्थानकाचं नाव लिहून येतं. कुणाला विचारायची वेळ येत नाही, आणि विचारावं न लागणं हीच ऐकू कमी येणाऱ्यासाठी मोठी चैन.

रस्ता ओलांडताना मात्र कुठलीही कवितेची भाषा बाजूला ठेवावी. मागून येणारी इलेक्ट्रिक दुचाकी चांगल्या कानांनाही ऐकू येत नाही. फूटपाथ नसेल तिथं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चालावं, आणि रूळ कधीही ओलांडू नयेत. हॉर्नवर विसंबून राहायला मुंबई हे तसंही चुकीचं शहर आहे. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नल लांबवणारी यंत्रणा इथल्या पोलिसांनी बसवून पाहिली आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. या शहरात हॉर्न हा इशारा राहिलेला नाही, नुसता गोंगाट झाला आहे.

ढोल ऐकायचा कशानं?

कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कळतात. त्वचेला साधारण १,००० हर्ट्झपर्यंतची कंपनं कळतात आणि २५० च्या आसपास ती सर्वांत संवेदनशील असते. म्हणजे कानातून जे उंच स्वर जातात ते त्वचा परत देऊ शकत नाही, पण खर्ज देऊ शकते. ढोलाचा ठोका छातीत लागतो, ताशाची तडतड लागत नाही, याचं कारण हेच. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण गेली. त्या अनवाणी वाजवतात, कारण जमिनीतून येणारी कंपनं त्यांना पायांत कळतात.

हे घरी करून पाहायला खर्च नाही. स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवून ओळखीचं गाणं लावायचं. ओळखीचंच, कारण उरलेलं स्मृती भरते. तबल्याचा डग्गा, भजनातली ढोलकी, हार्मोनियमच्या भात्यावर टेकवलेली बोटं, मांडीवर झोपलेल्या मांजराची गुरगुर. नातवानं पाठीला पाठ लावून गाणं म्हटलं, तर ते पाठीतून येतं. वर्गात मुलांना शिकवतात ती 'पंचेंद्रियांची' उजळणी मोठ्यांना ताण घालवण्यासाठीही सांगितली जाते : दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन. ऐकण्याच्या पायरीवर अडून वाईट वाटून घेण्यापेक्षा तिथं 'जाणवणारी तीन कंपनं' असा बदल करावा. लोकलच्या दांड्यावर हात असेल तर तीन सहज सापडतात.

एक इशारा. त्वचेला मजा येते म्हणून मिरवणुकीत ढोलपथकाला खेटून उभं राहू नये. १०० डेसिबलला आठवड्यात जेमतेम २० मिनिटं सुरक्षित मानली जातात, आणि उरलेल्या केसपेशी मोजक्याच आहेत.

रविवारी कुठे?

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे उपनगरांचं मोठं भाग्य. पक्षी ऐकू येत नाहीत म्हणून तिथं जाणं सोडणारे असतात. खरं तर पक्ष्यांची शीळ उंच पट्टीतली, त्यामुळे ती सगळ्यात आधी जाते आणि जंगल मुकं वाटतं. कॉर्नेल विद्यापीठाचं मोफत 'मर्लिन' ॲप फोनच्या माइकवर आवाज ऐकून पक्ष्याचं नाव पडद्यावर लिहितं. नाव दिसलं की कुठल्या फांदीकडे दुर्बीण वळवायची ते कळतं. कान्हेरीच्या लेण्यांत भर उन्हाळ्यातही बेसॉल्टच्या भिंतीला हात लावला की गारवा मिळतो. दगडातले छिन्नीचे घाव बोटांना वाचता येतात. कारवी तिथं आठ वर्षांनी फुलते, २०१६ मध्ये आणि २०२४ मध्ये फुलली होती. पुढची वेळ २०३२.

मुलुंड-भांडुपकडच्यांना ठाणे खाडी जवळ आहे. २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथं जमणारे फ्लेमिंगो पाहायला कानांची गरज शून्य.

आणि पहिला पाऊस. तापलेल्या मातीच्या वासावर १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध लिहिणारे ऑस्ट्रेलियातले दोन शास्त्रज्ञ इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांना हा वास कनौजमध्ये अत्तर म्हणून बाटलीत भरला जातो, हे ठाऊक होतं. मुंबईत तो वास खिडकीत फुकट येतो. पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला नाही तरी ग्रिलला धरलेल्या हाताला त्याचा जोर कळतो.

घरातल्यांनी काय बदलायचं?

सर्वांत आधी, मराठी फार्समधला बहिरा म्हातारा. एक शब्द चुकीचा ऐकायचा आणि हशा वसूल करायचा, हा प्रकार रंगमंचावर असेल तेवढा पुरे. जेवणाच्या टेबलावर "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य त्याहून वाईट. जे तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा आला, त्यातूनच माणूस घराबाहेर पडत जातो.

बोलण्याआधी खांद्याला हलका स्पर्श करायचा किंवा समोर यायचं. खिडकीकडे पाठ करून बोललं की चेहरा काळोखात जातो, म्हणून प्रकाश बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा ओरडण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगायचं. ओठ वाचण्यालाही मर्यादा आहेत : 'बाबा', 'पापा' आणि 'मामा' ओठांवर अगदी एकसारखे दिसतात, आणि क, ग तर तोंडाच्या आतच होतात. तरी आपण सगळेच नकळत ओठ वाचत असतो. करोनाच्या मास्कमुळे अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपल्याला ऐकू कमी येतं.

शब्दांशिवाय काम चालतं, हे पवईनं पाहिलं आहे. २०१५ मध्ये तिथं सुरू झालेल्या 'मिर्ची अँड माइम' या रेस्टॉरंटमध्ये वाढणारे कर्णबधिर होते आणि मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थासमोर त्याची खूण छापलेली होती. ऑर्डर द्यायला शिकायचं होतं ते ग्राहकांनी. घरातही चहा, पाणी, औषध, दार, फोन अशा दहा-बारा खुणा ठरवून घेतल्या तर निम्मी आरडाओरड थांबते. दाराच्या बेलला दिवा जोडता येतो. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम.

मशीन आणि मोबाइल

इतर इंद्रियं श्रवणयंत्राला पर्याय नाहीत, जोड आहेत. ज्यांना यंत्राचा फायदा होऊ शकतो, त्यांतल्या जगभरातल्या फक्त १७ टक्के लोकांकडे ते आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घेतलं आणि कपाटात ठेवलं, हीही आपल्याकडची नेहमीची कथा. मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी ते घालून स्टेशनवर गेलं तर डोकं उठणारच. सुरुवात शांत घरात, एका माणसाशी गप्पा मारून करावी.

मुंबईच्या दमट हवेत मशीनचा शत्रू पाणी. पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, बाथरूममध्ये कधीच नाही. बटणासारख्या झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर तिला मिनिटभर हवा लागू द्यावी, कारण ती हवेवरच चालते.

अँड्रॉइडवरचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' समोरच्याचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीतही. बँकेच्या काउंटरवर, डॉक्टरांसमोर ते चांगलं काम करतं. चार जण एकदम बोलले की गडबडतं, पण तिथं कोण नाही गडबडत? दाराची बेल, बाळाचं रडणं ओळखून थरथरणारी सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे.

कधी अजिबात थांबायचं नाही?

एका कानानं अचानक, एखाद्या दिवसात किंवा तीन दिवसांच्या आत ऐकू येईनासं झालं, तर ती आणीबाणी आहे. 'सर्दीमुळे असेल' म्हणून आठवडा घालवू नये. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त उपयोगी पडतात, जितके लवकर तितके बरे. कोमट तेल कानात घालू नये. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्याकडे जाऊ नये. कानातून पू, चक्कर, एकाच कानात सतत गुणगुण असेल तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.

हळूहळू कमी होणाऱ्या ऐकण्यासाठी सुरुवात पालिकेच्या जवळच्या मोठ्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागापासून करता येते. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तपासणीपासून श्रवणयंत्रापर्यंतचं काम तिथं होतं, आणि कमी उत्पन्न गटासाठी केंद्राच्या योजनेतून यंत्र मिळण्याबाबतची चौकशीही तिथं करता येते. जाताना घरातलं एक माणूस बरोबर न्यावं, ज्याचा आवाज रोज ऐकायचा आहे तेच. ऑडिओग्रामची प्रत मागून घ्यावी आणि फोनमध्ये तिचा फोटो काढून ठेवावा, कारण पुढच्या वर्षी तुलना त्याच्याशीच होणार आहे.